दर मजल्यावर थांबते

११ जानेवारी

ताई,

सहा वर्षांनी लिहितोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. माफी मागायला सहा वर्षं का लागली याचीही मागायला हवी, पण ती या पत्रात मावणार नाही. फोन करून पाहिला. तू उचलत नाहीस, ते मी समजू शकतो. पत्र निदान फेकून देण्याआधी हातात तरी घ्यावं लागतं.

आईला कॅन्सर आहे. मोठ्या आतड्याचा. दर रविवारी ती तुला फोनवर "मी ठणठणीत, तू तुझं बघ" म्हणून सांगते. महिन्याभरापासून मी तिच्याकडेच राहायला आलोय, त्यामुळे ते शेजारच्या खोलीतून ऐकतो. तुला कळवायचं नाही असं तिने मला बजावलंय. "एवढ्या लांबून नुसती जळत बसेल." मी मान डोलावली होती. आज ती परत घेतली.

वर्षभर ती थकत होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे तीनदा गेली, तिन्ही वेळा निदान एकच: वय. शहात्तरीत एवढं चालायचंच. चौथ्या वेळी ते रजेवर होते म्हणून त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसात. मग दुर्बीण, मग गाठ. गाठ अजून आतड्यातच आहे, यकृतात आणि फुप्फुसांत काही नाही. म्हणजे काढण्याजोगी आहे, असं मी वाचून समजलो होतो.

मोठ्या इस्पितळात दर मंगळवारी डॉक्टरांची बैठक होते आणि तिथे एकेका रुग्णाचा निर्णय लागतो. आईचा लागला. कागद माझ्यासमोर आहे: "वय ७६. एकटी राहते. जिना चढताना दर मजल्यावर थांबते. मोठी शस्त्रक्रिया झेपेल असे वाटत नाही. लक्षणांनुसार उपचार."

तो आम्हाला वाचून दाखवणारे डॉक्टर तिशीचे होते आणि मनाने चांगले होते. त्यांच्या खोलीत तीन खुर्च्या, त्यांतल्या एकीवर फायली. म्हणून मी उभा.

"आजी, या वयात आम्ही उगाच त्रास देत नाही," ते म्हणाले.

"मी कुणाची आजी नाही," आई म्हणाली. "आणि त्रास गाठ देतेय, तुम्ही नाही. तुम्ही काय देताय ते सांगा."

"आराम पडेल अशी औषधं देऊ."

"आणि गाठ?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तुला आठवत असेल, फोनवर मीच तुला सांगितलं होतं: बाबांच्या वेळीही प्रश्न बाबांनी विचारला आणि डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं होतं. तेव्हा मी मान डोलावली. या वेळी डोलावली नाही, एवढंच. 

बाहेर आल्यावर आई पर्स बंद करत म्हणाली, "अंगाला टेप न लावता कापड बाद केलं मेल्यांनी."

पन्नास वर्षं ती लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देतेय. मी गेली एकवीस वर्षं दुकानदारांच्या वजनकाट्यांवर शिक्के मारतोय. माझ्या खात्यात निकाल पटला नाही तर दुकानदाराला फेरतपासणी मागता येते. आईलाही मागता येत असणार. मी मागणार आहे.

तुझा भाऊ

&nbsp;

१९ जानेवारी

ताई,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चलाखीने लिहिली. कागदावर काय होतं ते सांगितलं, ते तिथे आलं कुठून ते सांगितलं नाही.

मी सांगितलं ते.

आई रक्त द्यायला आत गेली होती आणि एक डॉक्टर बाहेर माझ्याकडून फॉर्म भरून घेत होते. "घरी कोण असतं?" मी म्हटलं, एकटी राहते. खरं होतं, मी तेव्हा तिच्याकडे आलो नव्हतो. "जिना चढतात का?" मी म्हटलं, चौथ्या मजल्यावर राहते, चढते, पण दर मजल्यावर थांबते. वीस मिनिटं लागतात. वीस हा आकडासुद्धा मीच दिला. दोन-तीन रविवारी औषधं घेऊन आम्ही बरोबर परतलो तेव्हा ती मला "तू हो पुढे" म्हणाली होती. मी वर दाराशी उभा राहिलो आणि घड्याळ पाहिलं. तू मला लहानपणापासून काट्या म्हणतेस, ते उगाच नाही.

परवा संध्याकाळी मी पहिल्यांदा तिच्याबरोबर जिना चढलो, कारण तिचं शिलाईच्या कपड्यांचं गाठोडं मी उचललं होतं. इमारतीला लिफ्ट नाही, तुला माहीत आहे. पहिल्या मजल्यावर आम्ही पोचण्याआधीच दार उघडलं. पियानो शिकवणाऱ्या बाई. त्यांना आईची पावलं ओळखू येतात.

"आज उशीर?"

"माझा हमाल हळू चालतो," आई म्हणाली.

बाईंनी नवा स्कर्ट घातलेला होता. आईने दोन टाचण्या तोंडात धरल्या, जिन्यातच गुडघ्यांवर बसली, घेर फिरवत फिरवत टाचत गेली आणि उठली. हात टेकला नाही, कठडा धरला नाही. दुसऱ्या मजल्यावर टॅक्सीवाल्याच्या पँटची उंची. परत गुडघ्यांवर, परत उभी. तिसऱ्यावर निवृत्त ग्रंथपाल राहतात, त्यांच्या कोटाचं बटण. त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं आणि तिने त्यावर गाठोडं ठेवलं. सगळे मिळून वीस मिनिटं.

चौथ्या मजल्यावर कुलूप काढताना तिला दम लागला होता. हेही लिहायला हवं. पण साडेसात हिमोग्लोबिनवर दोन वेळा जमिनीवर बसून उठल्यावर मलाही लागला असता. मला तर नुसतं गाठोडं धरूनच लागला.

मी तिला फॉर्मचं सांगितलं. ती शिलाई मशिनपाशी बसून ऐकत होती.

"थांबते म्हणून सांगितलंस?"

"हो."

"का थांबते ते?"

"त्यांनी विचारलं नाही."

"आणि तू?"

 तिने दोरा ओवला. पहिल्याच खेपेला, चष्मा न लावता.

"मी एकटी राहते म्हणालास ना?" मग ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात मला इस्पितळात कोणी नेलं? टॅक्सीवाल्याने. चाव्यांचा जुडगा कोणाकडे असतो? पियानोवाल्या बाईंकडे. रोज सकाळी वर्तमानपत्र वर आणून माझं तोंड बघून जातं कोण? ग्रंथपाल. कागदावर एकटी आहे रे मी. जिन्यात नाही."

ताई, मी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. हेच मला दोन दिवस खातंय. माझा शब्द न् शब्द खरा होता आणि तो तिच्या विरुद्ध गेला. दुकानातल्या काट्याचं असं होत नाही, असं मी समजत होतो. होतं. काटा बरोबर असतो आणि खालचा ओटा तिरका असतो.

फेरतपासणीचा अर्ज दिला आहे. तीन पानी. आईने वाचला आणि म्हणाली, "पहिली दोन पानं काढ."

काढली.

&nbsp;

२ फेब्रुवारी

ताई,

फेरतपासणी झाली. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांचे वेगळे डॉक्टर असतात, हे मला माहीत नव्हतं. मंगळवारच्या बैठकीलाही तिचे कागद त्यांच्याकडे पाठवायचं सुचलं नव्हतं. त्यांच्या खोलीत जमिनीवर चार मीटरची पट्टी चिकटवलेली आहे. ती पाहून मला बरं वाटलं.

डॉक्टरबाईंनी सगळं आईलाच विचारलं. मी एकदा तोंड उघडलं तेव्हा आई म्हणाली, "याला विचारू नका, हा दशांशात उत्तर देतो."

खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायचं होतं. "गुडघ्यांवरून उठू का? त्याची सवय जास्त आहे," आई म्हणाली. अकरा सेकंद. चार मीटर चालायला साडेचार. घड्याळ काढायला सांगितलं, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. तिने ते एवढं गोल काढलं की डॉक्टरबाईंनी कागद वर धरून पाहिला. "कपड्यांचे गोल गळे कापायचा सराव आहे," ती म्हणाली.

चांगलं तेवढंच लिहिणार नाही. सहा किलो वजन उतरलंय. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. लक्षात ठेवायला दिलेल्या तीन शब्दांतला एक ती विसरली: चावी. रक्तदाब आहे, त्याची गोळी ती आठवड्यातून दोनदा विसरत होती. हे सगळंही कागदावर आलं. पण या वेळी प्रत्येक ओळीपुढे काय करता येईल ते लिहिलं होतं. शिरेतून लोह. गोळ्यांचा डबा. कानाला यंत्र. दिवसाला अंडी, दूध, मासे किती, ते. रोजचं चालणं. फुप्फुसांसाठी एक प्लास्टिकचं यंत्र, त्यातून श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचे.

मग सर्जनबाईंकडे. त्या घाईत होत्या आणि मला त्या आवडल्या नाहीत. आईला आवडल्या, कारण त्यांचे हात स्थिर होते. त्यांनी सांगितलं की या वयाच्या रुग्णांचे पुढच्या पाच वर्षांचे आकडे फारसे चांगले नाहीत.

मी विचारलं, "त्या आकड्यांतल्या किती जणांना पूर्ण उपचार मिळाले होते?"

त्यांनी पहिल्यांदा फाइलमधून वर पाहिलं. "तरुणांपेक्षा बरेच कमी जणांना."

"म्हणजे काट्यावर न ठेवताच जे कमी भरले, तेही त्यात धरलेत."

"काही प्रमाणात, हो," त्या म्हणाल्या. "पण धोका खरा आहे. ऑपरेशन टेबलावर जाऊ शकतात. नंतर गोंधळल्यासारखं होऊ शकतं, अंथरुणाला खिळू शकतात. ते मी लपवणार नाही."

"लपवू नका," आई म्हणाली. "मला नुसतं माप हवं होतं. आता ते मिळालंय. कापा."

शस्त्रक्रिया ३ मार्चला. अट एक: घरी आल्यावर सहा आठवडे सतत कोणीतरी हवं, दोन नातेवाईकांची नावं लिहून द्यायची. नोकरी करणारा एकटा मुलगा त्यांना पुरत नाही. पहिल्या ओळीत मी माझं नाव लिहिलं. दुसरी ओळ रिकामी होती. शेजारी चालत नाहीत, असं काउंटरवरच्या बाईंनी दोनदा सांगितलं. मागे रांग होती.

मी तुझं नाव लिहिलं. "मुलगी. येणार आहे."

तुला विचारलेलं नव्हतं. एकवीस वर्षांत सरकारी कागदावर मी खोटी नोंद केलेली नाही. ही केली आणि खाली सही केली.   ती नोंद खरी की खोटी, ते आता तुझ्याकडे आहे. खोटी असेल तर मला कळव, मी जाऊन खोडेन आणि दुसरं काहीतरी करेन. ऑपरेशन मात्र होणार.

&nbsp;

२० फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. दोनच ओळी. "काट्या, नाव खोडू नकोस. बाबांच्या वेळी काय झालं ते लिही."

आधी आईचं सांगतो. हे पळवाट म्हणून लिहितोय, ते मला कळतंय.

हिमोग्लोबिन साडेदहा. वजन दीड किलो वाढलं. रोज दोनदा जिना, गाठोड्याशिवाय. त्यामुळे पहिल्या आठवड्यात ती चिडलेली होती. "रिकाम्या हाताने चढायचं म्हणजे काय, मी काय पाहुणी आहे?" आता गाठोड्यात एकच कपडा घालून नेते. तीन चेंडूंतले दोन वर जातात. तिसरा परवा एकदा हलला, तेव्हा ग्रंथपालांनी टाळ्या वाजवल्या. टॅक्सीवाला रोज चार अंडी आणून देतो आणि रोज सांगतो की त्याला ती जास्त झाली होती. तू आल्याशिवाय पियानोवाल्या बाई चाव्यांचा जुडगा सोडायला तयार नाहीत.

तुझं कार्ड आईच्याच हाती पडलं. तुला कळवलं ते मी कबूल केलं. मग ती मला दोन दिवस फक्त कामापुरतं बोलली. "डबा दे." "खिडकी लाव." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तिचा पलंग खिडकीशी लावायचा. तिला वारा लागतो."

आता बाबांचं.

तू तिकडच्या एका डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतंस. मला म्हणालीस, सगळे रिपोर्ट पाठव, ते बघून सांगतो म्हणालेत. मी तुला सांगितलं होतं की इस्पितळाने कागद उशिरा दिले. ते खोटं होतं. कागद माझ्याकडे दुसऱ्याच दिवशी होते. पण तिसऱ्या रिपोर्टचं एक पान त्यात नव्हतं, सातपैकी सहाच. अपुरे कागद पाठवणं मला पटेना. ते पान मिळवायला मी अकरा दिवस फेऱ्या मारल्या. मिळालं. त्यावर फक्त प्रयोगशाळेचा पत्ता होता.

त्या अकरा दिवसांत बाबांना न्यूमोनिया झाला आणि तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता काही करता येणार नाही. अकरा दिवस आधी पाठवले असते तर बाबा वाचले असते का? मला माहीत नाही. कदाचित नाही. पण या "कदाचित नाही"च्या आड मी सहा वर्षं बसलोय.

आणखी एक. बाबांनी मला विचारलं होतं, "तुझ्या बहिणीचं काय म्हणणं आलं?" मी म्हटलं, तीही म्हणतेय की या वयात नको. तू तसं कधीच म्हणाली नव्हतीस. त्यांना दुखावायला नको म्हणून मी तुझं मत बदलून सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

आयुष्यात दोनदा मी तुझ्या नावावर खोटं खपवलं. एकदा बाबांना सोडून देण्यासाठी, एकदा आईला सोडायचं नाही म्हणून. दोन्ही एका मापात टाकू नकोस, एवढंच म्हणतो. टाकलंस तरी चालेल. पण ये.

&nbsp;

१४ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. तू आईला फोनवर तारीख सांगितलीस, मला नाही. बरोबर आहे. हे पत्र तू निघण्याआधी पोचणार नाही, म्हणून ते तुझ्या पलंगावर ठेवणार आहे. आई तोंडाने जे सांगेल ते तिच्या पद्धतीने सांगेल, म्हणून माझ्याकडूनही.

शस्त्रक्रियेला साडेतीन तास लागले. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती गोंधळली. मला बाबा समजली आणि त्यांचं दुकान बंद केलं का म्हणून विचारत राहिली. चष्मा आणि कानाचं यंत्र परत दिलं, खिडकीचा पडदा सरकवला, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत आली. कानाचं यंत्र ऑपरेशनआधी काढून पिशवीत ठेवलेलं होतं आणि ते मी विसरलो होतो. लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी तू विसरणार नाहीस.

तिसऱ्या दिवशी तिला वॉर्डात चालवलं. नर्सबाई म्हणाल्या, या पलंगापर्यंत जाऊन परत. ती गेली, आणि प्रत्येक पलंगाशी थांबली. नर्सबाईंनी वहीत पेन टेकवलं. मी झटकन म्हणालो, "थांबा, का थांबतेय ते आधी विचारा."

विचारलं. इस्पितळाच्या गाऊनच्या नाड्या सगळ्यांच्या चुकीच्या जागी लावल्यात, असं आईचं म्हणणं पडलं. तिसऱ्या पलंगावरच्या बाईंना तिने वळायला सांगून नाडीची गाठ कुठे मारायची ते दाखवलं. नर्सबाईंनी लिहिलं: "आधाराशिवाय चालते. गप्पा मारते." तो कागद मी जपून ठेवलाय.

आठव्या दिवशी घरी. चार मजले चढायला चाळीस मिनिटं लागली, कारण दारं तीन.

काल रिपोर्ट आला. आतड्याबरोबर काढलेल्या एकोणीस लसिका गाठींपैकी दोनमध्ये कॅन्सरच्या पेशी होत्या. म्हणजे पुढे औषधं द्यावी लागतील, निदान विचार तरी करावा लागेल. पुन्हा तेच तिशीचे डॉक्टर.

"या वयात बहुतेक जण पुढची औषधं नको म्हणतात," ते म्हणाले.

आईने दाराकडे पाहिलं. "ते बहुतेक जण आलेत का आज बरोबर?"

"नाही."

"मग माझ्याशी बोला."

ताई, ते बोलले. खुर्चीवरच्या फायली त्यांनी स्वतः उचलून खाली ठेवल्या आणि मला बसायला सांगितलं. कमी ताकदीचं एक औषध आहे, गोळ्यांचं. त्याने हातापायांना जळजळ होऊ शकते. आईने विचारलं, बोटांना किती? आयुष्य ऐंशीपर्यंत जाईल की पंच्याऐंशीपर्यंत, हा प्रश्न तिने विचारलाच नाही. सुई धरता येईल का, एवढंच विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं: कदाचित काही महिने नाही. ती विचार करणार आहे. तू आल्यावर. ती नको म्हणाली तरी ते तिचं नको असेल. मला तेवढंच हवं होतं, आणि ते यापुढे कोणी मान डोलावून तिच्याकडून घेणार नाही, मीसुद्धा.

सहा आठवडे तिला खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. पण बसून शिवायला बंदी नाही, असं तिने सर्जनबाईंकडून वदवून घेतलंय. काल उशांना टेकून तिने पियानोवाल्या बाईंच्या कोटाचं अस्तर पूर्ण केलं. लांबी अजून टाचायची आहे. ते काम तिने मला दिलंय. टाचण्या तोंडात धरायच्या नाहीत, अशी सूचना आहे, कारण मी गिळेन.

उद्या: कोट, पहिला मजला. गुडघ्यांवर बसायचं, कठडा न धरता उठायचं, आणि निघायची घाई करायची नाही.